मामाचा बंध

कपारवाडी, तालुका आष्टी
माघ वद्य पंचमी, शके १८३४

राधाकिसना,

आशीर्वाद आधी घे, बोलणी मागून खा. भाऊबीजेला बहिणीच्या घरी ओवाळून घेतलंस अन् जेवत्या ताटावरून उठून गेलास. संक्रांत सरली तवा तुला आक्का आठवली व्हय? सटवा नगरला घोंगड्या घेऊन गेलता, तो येताना तुझं पत्र घेऊन आला. मी चुलीपुढं व्हते. तुझं अक्षर बघितलं अन् तव्यावरची भाकरी पार कोळसा झाली. तुझ्या दाजीनं ती तशीच मुकाट खाल्ली, कावून करपली ते इचारलं बी न्हाई.

पत्र लई गमतीचं लिहिलंस. तू साहेबासंगं डोंगर मोजतोस तिथं, काश्मिराच्या वर, बर्फाची नदी असती, ती चालती पण चालताना दिसत न्हाई, डोंगराला खरवडत खाली येती, घराएवढाले धोंडे पोटात घालून आणती अन् वितळली की उघड्या माळावर टाकून निघून जाती. तिनं कोरलेली दरी गव्हाणीवाणी, तळ रुंद अन् दोन्ही अंगं उभी. मी हे सगळं छबूला वाचून दाखवलं. तुझी भाची काय म्हणली म्हाईत हाय का? "आई, मामाला थंडीचा वात झालाय. गूळ-सुंठ धाडू या." लई हसलो दोघी मायलेकी.

आपल्या डोंगराचं जे लिहिलंस ते मातर मी कुणाला वाचून दाखवलं न्हाई. चार येळा वाचलं अन् पोथीच्या फडक्यात बांधून ठिवलं. तू म्हणतोस आपला डोंगर म्हंजे भाकरीची चवड. धरणीच्या पोटातून तापलेला रस आला, थिजला, काळा खडक झाला. लई काळ तसाच पडून ऱ्हायला, त्याच्यावर माती धरली. मग दुसरा रस आला अन् ती माती खाली भाजून लाल झाली. तोच आपला गेरू. वरचा काळा खडक घट्ट, पण त्याला उभ्या चिरा. पावसाचं पाणी चिरांतून उतरतं, गेरूवर येऊन अडतं अन् आडवं वाट काढून बाहेर पडतं. तोच आपला झरा.

म्हंजे वाडीला पाणी देतो तो गेरू, वाडीच्या डोक्यावरचा कडा पेलतो तोबी गेरूच. अन् आमी बाया काय करतो? दिवाळी आली, खण गेरू. लगीन निघालं, खण गेरू. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला आष्टीच्या बाजारात पाट्या भरून नेतो तोबी तिथलाच. माझ्या सासूच्या सासूपासून हे चालू हाय. कड्याखाली आता एवढी कपार झालीया की त्यात सगळ्या वाडीची शेरडं बसत्यात. माझी नणंद बायनाबाई, तिचं घर तर कपारीलाच पाठ लावून. पाठीमागची भिंत घालायची वाचली म्हणून तिच्या सासऱ्यानं तिथं बांधलेलं. आमचं घर वढ्याकडं, जरा हटून.

हेच तू त्या दिशी ताटावर बसून सांगत व्हतास. "दाजी, वाडी वर माळावर हलवा, हा कडा खाली येणार." अन् दाजी म्हणले, "दगडाला पाय फुटले का रे तुझ्या?" एवढ्यावर तू उठलास. त्यांनी तसं बोलू नव्हतं. पण तू बी पुरणपोळीच्या ताटावर मरणाचं बोलत व्हतास की न्हाई? दोघंबी सारखेच.

जाताना माळावरच्या भेगेवर तू चुन्याची पट्टी मारून गेलास. म्हणलास, "आक्का, डोंगर हलला तर ही पट्टी आधी फुटंल. फुटली की वाडी सोड. सामान गोळा करत बसू नको." परवा गवऱ्या येचायचं निमित्त करून वर गेलते. पट्टी साबूत हाय. भेगेत माझी बांगडी बी आडवी जात न्हाई. तवा घोर करू नको.

एक काम कर. छबू यंदा लग्नाची झाली. नगरकडं तुझ्या वळखीत एखादं घर बघ. मला काही भ्या वाटतंय म्हणून न्हाई. तिकडं बाजारपेठ हाय, पोरगी सुखात ऱ्हाईल, एवढंच.

तुझी आक्का,
भिवरा

*

कपारवाडी
फाल्गुन वद्य प्रतिपदा, धुळवड

राधाकिसना,

पट्टी फुटली. मधोमध तडकली. भेगेत आता बांगडी उभी-आडवी कशी बी जाती.

तशीच पळत खाली आले अन् दाजीला सांगितलं. वाटलं व्हतं खेकसतील. खेकसले न्हाईत. खांद्यावर घोंगडी टाकली अन् एकलेच वर गेले. मी मागून गेले तर भेगेच्या काठाला बसलेले, हात आत घालून. मला म्हणले, "आतून वारं येतंय गं." बास, एवढंच. मला वाटलं आता पटलं. घरी येऊन मी उतरंडीतली भांडी बी काढून ठिवली.

सकाळी उठून बघते तर बायनाबाई दारात चुना कालवतीय!

मी म्हणलं, "वन्सं, आज कशाचा चुना?"

"आवं वैनी, राधाकिसन मामानं कड्याला बंध घातला व्हता, तो सुटला न्हवं? पुन्हा घालाया नको का?"

नारळ आला, हळद-कुंकू आलं, हलगी आली. सगळी वाडी वर चढली. तुझ्या पट्टीवर नवी पट्टी बसली, चांगली हातभर रुंद. अन् जो तो तुझं कौतुक करतोय. मामा इंग्रजाच्या डोंगरात ऱ्हाऊन इद्या शिकून आलाय. मामानं रागात बी बहिणीच्या गावाचं भलं केलं. ज्यांनी तुला ताटावरून उठवलं ते तुझे दाजी सुदिक म्हणले, "तुझ्या भावानं एक काम बरं केलं."

मी वरडून सांगितलं, आरं तो बंध न्हाई, ती खूण हाय. कडा हलला म्हणून फुटली. तवा शहादेव, बायनाबाईचा ल्योक, लई शांतपणी म्हणला, "मामी, पट्टी फुटली पण कडा पडला का? न्हाई पडला. म्हंजे पट्टीनं वढून धरला म्हणूनच ती फुटली न्हवं?" आता ह्याला काय बोलावं तूच सांग. सगळ्यांच्या तोंडावर एवढा आनंद की बघवंना.

राधाकिसना, तुझ्या खुणंनं घात केला. आधी निदान भीत तरी व्हते. पावसात बायनाबाई ल्येकरं घेऊन आमच्या ओसरीला निजायला यायची. आता म्हणती, बंध हाय की.

आता माझं ऐक. तुझं ते खडकाचं अन् पाण्याचं ज्ञान फडक्यात बांधून ठिव. तू एक खोटं लिहून धाड. लिही की, माझा बंध मृगापत्तूरच चालतो, त्याच्या पुढं त्यात राम न्हाई, कड्याखाली जो ऱ्हाईल त्याला बाधंल. शाप लिही, दृष्टांत लिही, काय बी लिही. वाडीत वाचणारी मी एकलीच, पण माझं ऐकत्यात कुठं? तुझं ऐकतील. तू आता देव झालास.

आक्का

*

कपारवाडी
चैत्र वद्य तृतीया, शके १८३५

राधाकिसना,

तुझं पत्र अजून न्हाई. सटव्याला दर खेपेला इचारते, तो मान हलवतो. उन्हाळा लागला की तुमी वरच्या बर्फात चढता अन् तिथून टपाल येत न्हाई, हे तूच लिहिलेलं. त्याच्या आधी माझं पत्र तुला गावलं असू दे.

दाजींचं तुला सांगायचं ऱ्हायलं व्हतं. तुझ्या मनात त्यांचा राग हाय, असू दे, पण हे ऐकून घे. पट्टी फुटल्यापासून ते रोज सकाळी पहार घेऊन कुठं तरी जात व्हते. शेतात म्हणायचे. छबू एकदा भाकरी घेऊन गेली तर शेतात न्हाईत. वर माळावर, बाभळीपाशी, कमरंएवढा खड्डा खांदून आत उभे. विहीर पाडत व्हते, राधाकिसना. एकलेच. माळावर पाणी लागलं तर वाडी वर नेता येईल म्हणून. कुणाला सांगितलं न्हाई, न लागलं तर हसं व्हईल म्हणून.

वरचा मुरूम निघाला, मग काळा खडक लागला. पहार मारली की ठिणगी उडायची अन् कपची बी निघायची न्हाई. हाताची सालपटं गेली. शेवटी पहारीचं टोक वाकलं तवा घरी आले, पहार कोपऱ्यात ठिवली अन् म्हणले, "पाणी हाय गं तिथं. पण ते थांबतच न्हाई, सरळ आपल्या झऱ्याला उतरतं. तुझा भाऊ म्हणतो ते खरं हाय." मी म्हणलं, मग वाडीला सांगा की. तर म्हणले, "सांगून नेऊ कुठं? माळावर नेऊन बर्फ चाटायला देऊ?"

खालच्या वढ्याकाठी जावं तर ती जमीन जागिरीतली. अर्जुनराव पाटलाला घेऊन दाजी तिथल्या कारकुनाकडं जाऊन आले. तो म्हणला, हुजुरांच्या जमिनीत चूल मांडली तर चुलीसकट उचलून फेकीन. आष्टीला तहसिलीत गेले, तिथं म्हणले, कडा पडल्यावर अर्जी द्या, मोआयना करू. म्हंजे पडल्यावर येऊन बघून जाणार. इकडं आड अन् तिकडं विहीर म्हणत्यात, आमच्याकडं तर दोन्ही न्हाईत.

तवापासून दाजी बी बंधाचं बोलाया लागले. त्यांना कळत न्हाई असं न्हाई. कळून उपेग न्हाई म्हणून ते इसरायला बघत्यात. मला त्यांचा राग येतो अन् मग त्यांचे हात बघितले की राग बी धड येत न्हाई.

आता जे सांगायला बसले ते. छबूचं लगीन ठरलं. नगरचं न्हाई. बायनाबाईनं आत्याचा हक्क म्हणून शहादेवासाठी मागून घेतली. पोरगा निर्मळ हाय, कामाला वाघ. पोरीच्या बी मनात हाय, शहादेव म्हणलं की तिला पदर सावरायचं भान येतं. दुसऱ्या कुठल्या वाडीत असता तर मी साखर वाटली असती. पण त्या घरात? कपारीत पाठ दिलेल्या त्या घरात मी माझी पोरगी घालू?

मी न्हाई म्हणले. दाजी म्हणले, "कावून न्हाई? पोराला काय खोट हाय?" मी वर बोट दाखवलं. ते वर न बघताच म्हणले, "बंध हाय की." अन् उठून गेले.

आपलेच दात अन् आपलेच ओठ, राधाकिसना. लगीन वैशाख वद्यात धरलंय. त्याच्या आत तुझं खोटं पत्र येऊ दे.

आक्का

*

कपारवाडी
वैशाख शुद्ध एकादशी

राधाकिसना,

तुझं पत्र आलं. दाजीच्या नावानं आलं. मी खोटं मागितलं अन् तू एवढं मोठं खरं धाडलंस. आत माझ्यासाठी येगळी चिठ्ठी, "आक्का, एकदा खोटं बोललो तर उद्या माझं खरं कोण ऐकंल?" आरं बाबा, आज तरी कोण ऐकतंय?

अन् खाली लिहिलंस, उद्या वर चढतोय, दसऱ्यापत्तूर टपाल न्हाई. म्हंजे हे पत्र बी तू दसऱ्याला वाचणार. तरी मी लिहिते. लिहिल्याबिगर ऱ्हाववत न्हाई.

तुझं पत्र आलं म्हणल्यावर सगळी वाडी देवी आईच्या ठाण्यापुढं गोळा झाली. पाटील पारावर बसले. मी मधी बसून वाचाया लागले. बर्फावरच्या धोंड्याचं आलं तवा बारकी पोरं सुदिक गप झाली. बर्फाच्या नदीवर मोठा धोंडा पडला की त्याच्या सावलीतलं बर्फ वितळत न्हाई, भवतालचं वितळतं, अन् धोंडा बर्फाच्या खांबावर टेबलावाणी उभा ऱ्हातो. वरून बघणाऱ्याला वाटतं ह्याला काय धाड भरलीया. पण खांब रोज बारीक व्हतो. दाजी, आपला कडा तसाच गेरूवर उभा हाय, असं तू लिहिलंस. बरोबर वाचलं मी, एक अक्षर गाळलं न्हाई.

"मग त्या धोंड्याचं काय झालं?" पाटलांनी इचारलं.

"पडला," मी म्हणले.

"खाली कुणी व्हतं?"

"न्हाई. बर्फात कोण ऱ्हातंय?"

"मग झालं तर," पाटील म्हणले, अन् लोक हसले.

त्या हसण्यानं माझं टाळकं फिरलं. कागदावर नव्हतं ते मी वाचलं. म्हणलं, मामा लिहितो, माझा बंध मृगापत्तूरच. त्याच्या पुढं वाडी रिकामी करा, न्हाई तर माझा इलाज न्हाई. दाजी माझ्याकडं बघत व्हते. त्यांना अक्षर येत न्हाई, पण माझ्यासंगं संसार केलाय त्यांनी. त्यांना कळलं अन् ते गप बसले. मला वाटलं, माझ्या बाजूनं बसले.

सगळ्यांची तोंडं उतरली. मला आत बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं लागला वर्मी घाव. तेवढ्यात पाटील म्हणले, "मुदत वाढवून घ्यायला काय लागतं, ते लिहिलंय का?"

"न्हाई," मी म्हणले.

"न्हाई कसं? मानपान ऱ्हायलाय त्याचा. जेवत्या ताटावरून उठला व्हता. पाव्हणा उपाशी गेला वाडीतून, मग त्याचा बंध टिकंल कसा?"

संपलं! सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिशी बायनाबाईनं पुरण घातलं. तुझ्या नावानं ताट वाढून वर भेगेपाशी नेलं, पाट मांडला, समई लावली. दाजीनं त्या पाटापुढं पागोटं काढून ठिवलं अन् हात जोडून म्हणले, "चुकलं माझं, राधाकिसन." सगळ्यांच्या देखत. ते नुसतं रीतीपायी म्हणले न्हाईत रे. डोळे भरलेले व्हते त्यांचे. तू असतास तर विरघळला असतास.

अन् मग निघालं, की बंध मामाच्याच हातचा पायजे. मामा न्हाई तर मामाच्या रक्ताचं कोण? सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. मी म्हणले, मी न्हाई हात लावणार. तवा बायनाबाई रडवेली व्हऊन म्हणली, "वैनी, तुमच्या मनात आमच्या घराचं वाईट हाय का हो?" लगीन आठवड्यावर आलेलं, विहीण मला असं इचारतीय. छबू शेजारी चुन्याचं घमेलं धरून उभी. ती हळूच म्हणली, "आई, घाल की गं. सगळ्यांना बरं वाटंल."

घातला. ह्या माझ्या हातानं तुझी खूण बुजवली. चुना ताजा व्हता, बोटं भाजली. अक्षर वाकडं येतंय ते त्याच्यापायी. भेग आता एवढी हाय की पट्टीखाली आधी दगडं भरावी लागली. दगडं भरताना एक आत पडलं. ते खाली कुठं थांबलं ते मला ऐकू आलं न्हाई.

आक्का

*

कपारवाडी
वैशाख वद्य द्वादशी

राधाकिसना,

लगीन झालं. लई चांगलं झालं म्हणत्यात सगळे.

आमच्याकडची रीत तुला म्हाईत न्हाई. नवरीनं आपल्या हातानं गेरूचा गड्डा काढायचा अन् त्यानंच सासरची भिंत रंगवायची. जेवढ्या आतला गड्डा तेवढा संसार खोल, असं बाया म्हणत्यात. छबू हळदीच्या अंगानं कपारीत शिरली. मी तोंडाशी उभी ऱ्हाऊन तिच्या पदराचं टोक मुठीत धरून ठिवलं व्हतं. आतून तिचा आवाज आला, "आई, आत लई गार हाय. मातीला पाणी सुटलंय, हातानंच निघतीय." मी पदर वढला. ती हसत बाहेर आली, हातात लालभडक, ओला, हा एवढा गड्डा. सगळ्या बाया म्हणल्या, नशीब काढलं पोरीनं.

मामाच्या जागी सटवा उभा ऱ्हायला. तुझा एक जुना पटका माझ्यापाशी व्हता, तो त्याच्या खांद्यावर टाकला.

सासर हाकेवर. तरी पाठवणीला दाजी वासरू दूर नेलेल्या गायीवाणी करत व्हते. सगळे गेल्यावर ओसरीला बसले अन् म्हणले, "मला सगळं कळतंय गं. तू काय वाचलंस अन् काय न्हाई ते बी कळलं. पण मी तुला खोटी पाडली असती तर त्यांचा तुझ्यावरचा इश्वास गेला असता, अन् खरी ठरवली तर त्यांना न्यायला जागा कुठं हाय माझ्यापाशी?" मी त्यांना पाणी दिलं.

आता एकच आशा हाय. आखाड. नव्या सुनेनं पहिल्या आखाडात सासरी ऱ्हायचं नसतं, माहेरी यायचं. ते कुणाला मोडता येणार न्हाई, बायनाबाईला बी न्हाई. जोराचा पाऊस आखाडातच. महिनाभर पोरगी माझ्या घरात, कड्यापासून हटून. एवढा एक महिना देवानं द्यावा.

आक्का

*

कपारवाडी
आषाढ शुद्ध त्रयोदशी

राधाकिसना,

सटवा दारात बैल जुंपून उभा हाय. वढा भरत चाललाय, आज गेला न्हाई तर अडकून पडंल. तवा भराभर लिहिते.

छबूला आखाडाला आणली व्हती. रीतीपरमाणं दाजी जाऊन घेऊन आले. मी तिला तळणीचं करून घातलं, केस धुतले, कुशीत घेऊन निजले. मला किती दिसांनी झोप लागली. चार दिस पाऊस लागून ऱ्हायला. पाचव्या दिशी तिन्हीसांजेला पोरगी दारात उभी, डोक्यावर घोंगडीची खोळ. म्हणलं, कुठं निघालीस?

"घरी."

"आगं आखाड हाय. तोंड बघत न्हाईत सासूचं."

"आई, काल मी वर जाऊन आले. पट्टी न्हाई तिथं. एक टोक खाली खचलंय, एक वर ऱ्हायलंय. आता बांधायला जागाच न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मला पहिल्यापासून कळतंय आई. तू पत्रं वाचून दाखवायचीस न्हवं? पण ते तिथं निजत्यात. आत्याबाई तिथं निजत्यात. मी इथं कशी झोपू?"

मी तिला म्हणलं, शहादेवाला इकडं घेऊन ये, बायनाबाईला घेऊन ये, सगळी या, ओसरी हाय, गोठा हाय. ती म्हणली, रोज म्हणते. आत्याबाई म्हणत्यात, चूल सोडून गेलं तर देवी आई कोपंल, अन् मामाचा बंध हाय. अन् ते म्हणत्यात, म्हातारीला एकलीला सोडून कसा येऊ?

मग गेली ती. मी तिला आडवलं न्हाई. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, अन् तिला हे शिकवलं कुणी? मीच न्हवं?

दाजी अर्जुनरावाच्या घरी गेले, दारोदार गेले. ह्या येळी सगळं खरं सांगितलं, आपल्या मनातलं, विहिरीचं बी. काही जण उठले, ल्येकरं घेऊन आमच्याकडं अन् पाटलाच्या गोठ्यात आले. पण कपारीकडची घरं हालंनात. पाऊस एवढा की आता माळाची वाट बी चढवत न्हाई. दाजी दिसभर त्या घरांच्या दारांत उभे ऱ्हात्यात. कुणी येतं, कुणी दार लावून घेतं.

तवा मीच आले. आता हे पत्र बायनाबाईच्या ओसरीत बसून लिहितीय. पोरीला बाहेर काढता येईना म्हणून मी आत आले. बायनाबाई लई खूश झाली. म्हणली, "वैनी, तुमी आलात म्हंजे मामाच आला." तिचं तोंड बघून मला तिचा राग बी धरवत न्हाई.

तुला वाईट वाटून घेऊ नको. तू खरं लिहिलंस ते बरंच केलंस. खोट्यानं बी काही झालं नसतं, ते मी करून बघितलं. तू तिकडं बर्फात हैस, मी हितं. दगड आपल्या चालीनं चालतो. त्याला ना तुझं कळतं ना माझं.

सटव्याला सांगून ठिवलंय. दसऱ्याला तुझं पत्र येईल तवा त्यानं आधी मला हाक मारायची. मी न्हाई तर छबूला, तिला बी मी थोडं वाचाया शिकवलंय. दोघींपैकी कुणी ओ दिली न्हाई तर पत्र न फोडता तसंच तुला माघारी धाडायचं. ते हाती आलं तर धावत येऊ नको. सवडीनं ये अन् दाजीला भेट. त्यांच्याशी भांडू नको आता. त्यांच्या ताटावर बसून जेव.

सटवा वरडतोय. छबू बी हाक मारतीय, आई, आधी पाणी तरी पी. लेकीच्या घरचं पाणी नातवंड व्हईपत्तूर पिऊ नये म्हणत्यात. सकाळी तिनं झऱ्याची घागर आणली तर पाणी लाल आलं व्हतं. तिनं पदरानं दोनदा गाळून तांब्या भरून दिला. मी प्याले.

भिवरा